दोन बोटं माया

निवृत्त माणसाने काय करावं याचा काही नियम नाही, पण काय करू नये याचा एखादा तरी असायला हवा होता, असं टेलरबाईंचं मत होतं. बायकोच्या कामाच्या खोलीत यंत्र आणून ठेवू नये, एवढा एकच नियम कुणी केला असता तरी पुरे होतं.

यंत्र म्हणजे लेथ. तीन फूट लांब, हिरव्या रंगाचा. लाकडाचा तुकडा त्यात आडवा अडकवायचा, बटण दाबलं की तो गरगर फिरायला लागतो, मग त्याला पटाशी टेकवायची आणि चौकोनाचा गोल करायचा. साहेबांना त्यावर लाकडी पेनं करायची होती. निवृत्तीच्या समारंभात कुणीतरी त्यांना तसलं एक पेन दिलं होतं. ते उलटसुलट करून पाहताना त्यांच्या तोंडून "यात काय आहे?" असं निघालं. साहेबांच्या बाबतीत हे वाक्य पुढच्या सगळ्या नुकसानीची सुरुवात असायची.

साहेब म्हणजे टेलरबाईंचे यजमान. ते कधीच कुठले साहेब नव्हते. एका कचेरीत तरुणपणी चिकटले आणि हेडक्लार्क होऊन सुटले. मधली सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांनी लिहिलेल्या मसुद्यांत स्वल्पविराम काढले आणि दुसऱ्या दिवशी परत घातले. हाताने केलेलं सर्वांत अवघड काम म्हणजे फायलीची नाडी बांधणं, आणि तीसुद्धा बहुतेक वेळा शिपाई बांधून द्यायचा. असा माणूस आता लाकूड कातणार होता. उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस एकदम खाली उतरून शेळीची धार काढायला बसावा, तसलाच हा प्रकार.

आणि बसला कुठे, तर मागच्या खोलीत. घरात उजेडाची खोली ती एकच. तिला मोठी खिडकी होती, आणि खिडकीखाली टेलरबाईंचं कापड कापायचं टेबल गेली बावीस वर्षं उभं होतं. शेजारी मशीन. त्या खोलीत सकाळी आठपासून संध्याकाळपर्यंत काळ्या कापडावर काळा दोरा दिसायचा. टेलरबाईंचे डोळे आता साठीला आले होते. दुसरीकडे कुठे बसल्या तर त्यांना सुईचं नाक सापडायचं नाही, म्हणजे ही खोली गेली तर काम गेलं. हे त्यांना ठाऊक होतं. साहेबांनाही ठाऊक असायला हरकत नव्हती, पण त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

टेलरबाईंचं गल्लीत नाव होतं ते एका गोष्टीसाठी. त्या शिवणीत दोन बोटं माया ठेवत. बाकीचे शिंपी कापड वाचवायला शिवण जेमतेम कडेवर मारतात, मग बाई जरा सुटली की कपडा उसवतो किंवा बोहारणीकडे जातो. टेलरबाईंच्या कपड्यात आत दुमडलेलं दोन बोटं कापड कायम शिल्लक. माणसं काही आहे त्या मापाची राहत नाहीत, असं त्या म्हणायच्या. साहेब या सगळ्याला चिंध्या म्हणत. पाहुणे आले की, "ही मागे चिंध्या करत असते," अशी ओळख करून देत, आणि वर आपला सदरा पोटावर ताणून सांगत की पंचविशीतले सदरे मला अजून होतात, बघा, माणसाने शरीर राखावं. टेलरबाई चहा ठेवायला आत जात.

तर लेथ आला. साहेबांनी टेबल पायाने बाजूला ढकलून खिडकीखालची निम्मी जागा घेतली. आयत्या बिळावर नागोबा. मग त्यांनी एक फाइल उघडली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, "विषय : पेननिर्मिती." डोळ्यांना लावायचा प्लास्टिकचा चष्मा आला. एप्रन हवा म्हणाले, सहा खिशांचा. टेलरबाईंनी शिवून दिला. कारण नाही म्हटलं असतं तर त्यांनी तो बाहेरून शिवून आणला असता, आणि ती शिलाई रोज डोळ्यांसमोर बघणं टेलरबाईंना सोसलं नसतं. सहाही खिशांत ठेवायला त्यांच्याकडे एक पेन्सिल होती.

फोनवर पेनं कातायला शिकवणारा एक माणूस होता. त्याचा आवाज साहेब खोलीभर लावून ठेवत. त्यामुळे न मागता टेलरबाईंचंही शिक्षण होत होतं. कृती काही अवघड नव्हती. लाकडाचा बोटभर चौकोनी तुकडा कापायचा. त्याच्या पोटातून आरपार भोक पाडायचं. भोकात पितळी नळी गोंद लावून बसवायची. मग तुकडा लेथवर चढवून दोन्ही टोकांच्या लोखंडी कड्यांइतका गोल करायचा, पॉलिश पेपरने घासायचा, आणि शेवटी पुढचं टोक, मागची टोपी आणि रिफिल पुढे-मागे करणारी मधली फिरकी दाबून बसवायची. फोनवरचा माणूस सांगत होता, लाकूड नळीपेक्षा थोडं लांब कापा, जास्तीचं नंतर काढून टाका. इथे साहेबांनी फोन थांबवला. भुवया चढवल्या. 'थोडं' हे माप नव्हे, असं म्हणत त्यांनी फाइलीत नोंद केली, "लाकूड नळीइतकेच कापावे. जास्तीचे कापणे म्हणजे अपव्यय." शिकवणाऱ्याचाही मसुदा त्यांनी दुरुस्त केला होता.

टेलरबाई तेव्हा एका झग्याची कड दुमडत होत्या. त्यांनी ते ऐकलं, आणि जे काही मनात आलं ते मनातच ठेवलं.

पहिल्या आठवड्यात लाकडाचे तीन तुकडे उडाले. एक तर खरोखरच उडाला, खिडकीच्या गजावर आपटून साहेबांच्या पायाशी आला. पटाशीला धार नव्हती. टेलरबाईंना हे आवाजावरून कळत होतं. धारेची पटाशी सुरसुर चालते, सापाची निघावी तशी लाकडाची लांब लांब कात निघते. ही मात्र खरखरत होती आणि पीठ पाडत होती. ते पीठ कुणाच्या तरी नव्या पांढऱ्या कापडावर बसत होतं. साहेबांचं म्हणणं, लाकूडच हलकं आहे. नाचता येईना अंगण वाकडं.

पांढरं कापड तिसऱ्यांदा झटकायची वेळ आली तेव्हा टेलरबाईंचा तोल सुटला. दोघांत कडाक्याचं वाजलं. साहेबांनी सांगितलं की त्यांना पूर्ण खोली लागेल, निम्म्यात कोपर फिरत नाही, आणि चिंध्या काय कुठेही करता येतात. स्वयंपाकघर आणि न्हाणीच्या मधला बोळ रिकामाच आहे, तिथे टेबल टाक. टेलरबाई म्हणाल्या, तिथे उजेड नाही. साहेब म्हणाले, "बल्ब लावून देतो."

हे ते इतक्या सहज म्हणाले की टेलरबाईंनी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"लेक येतेय ना पुढच्या रविवारी? तोवर तुमच्या हातून एक पेन होऊ दे. लिहिणारं. ते तिच्या हातात ठेवा, मी माझं टेबल बोळात नेते. नाही झालं तर हे यंत्र त्याच दिवशी भंगारात."

लेक जनावरांची डॉक्टर. तिला नव्या दवाखान्यात मुख्य डॉक्टर म्हणून नेमलं होतं, आणि साहेबांनी फोनवर तिला आधीच सांगून टाकलं होतं की नव्या रजिस्टरवर पहिली सही माझ्या हातच्या पेनाने करायची. म्हणजे अडकले तेही होतेच.

साहेबांना बोलणं पुरत नाही, कागद लागतो. त्यांनी टेप घेऊन बोळ मोजला, टेबल मोजलं आणि अर्ध्या तासात टिपण तयार केलं. "उपरोक्त विषयास अनुसरून" वगैरे होतंच, आणि चौथ्या कलमात लिहिलं होतं : बोळाची लांबी सहा फूट, टेबलाची लांबी सहा फूट, सबब टेबल बोळात बसते. खाली दोन सह्यांची जागा. टेलरबाईंनी सही ठोकली. वाचलं नाही. त्यांचं लिहिलेलं काय वाचायचं, हा त्यामागचा विचार. तो तुच्छतेचा विचार होता, आणि त्याची त्यांना पुरेपूर शिक्षा मिळाली. चौथं कलम एकदा नजरेखालून घातलं असतं तर पुढचे दहा दिवस त्या शांत झोपल्या असत्या.

पुढच्या दिवसांत खोलीत कुणी बोललं नाही. मशीन आणि लेथ आळीपाळीने बोलत होते. टेलरबाई मान खाली घालून काम करायच्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या. त्यांना सगळं दिसत होतं. साहेब नळीइतकंच लाकूड कापायचे, तंतोतंत, टोकाला टोक. मग भोक पाडायचे. ड्रिल पलीकडून बाहेर येताना लाकडाची कड फुटायचीच, बारीक ढलपी उडायचीच. आता जास्तीचं लाकूड असतं तर ती फुटकी कड घासून टाकता आली असती आणि खाली अख्खं लाकूड लागलं असतं. पण जास्तीचं नव्हतंच. घासायला गेलं की नळी उघडी पडायची, तशीच ठेवली तर पितळी टोपी आणि लाकूड यांच्यामध्ये खड्डा राहायचा. साहेब तो खड्डा नखाने चाचपायचे, गोंदाने भरायचे, गोंद पिवळा दिसायचा, आणि पेन कचऱ्यात जायचं. फाइलीत नोंद : "लाकूड निकृष्ट."

कापडाची कड कापली की दोरे सुटतात. म्हणूनच कडेवर शिवण मारत नाहीत, आत सोडून मारतात. शिवण शिकायला बसलेल्या पोरीला पहिल्या दिवशी कळणारी ही गोष्ट होती. टेलरबाईंना नुसतं गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की खोली राहणार, खिडकी राहणार, रविवारी यंत्र भंगारात. तोंडात टाचण्या धरून गप्प बसायची तर त्यांना आयुष्यभराची सवय. त्या गप्प बसल्या. सहा तुकडे गेले, सात गेले. मजा येत होती हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. छत्तीस वर्षं ज्याने चिंध्या म्हटलं त्याची शोभा होताना बघायला कुणाला आवडणार नाही?

शनिवारी दुपारी दुकानातून आणलेलं लाकूड संपलं.

टेलरबाई बटणं आणायला बाहेर गेल्या होत्या. परत आल्या तर साहेब खिडकीपाशी करवत घेऊन बसलेले, आणि शिकंज्यात पकडलेली एक काळपट लाल पट्टी. ती पट्टी त्यांनी लगेच ओळखली. त्यांच्या पहिल्या मशीनची बैठक. हाताने फिरवायचं मशीन होतं ते, लग्नाच्या आधी दोन वर्षं दुसऱ्यांचे कपडे शिवून स्वतः घेतलेलं. मशीन कधीच मोडीत गेलं. लाकडी बैठक मात्र त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. त्या लाकडावर त्यांचा डावा हात जिथे टेकायचा तिथे एक गुळगुळीत खळगा पडला होता. साहेबांनी नेमका त्या बाजूचा भाग कापला होता.

विचारलं नव्हतं. विचारायची पद्धत त्यांच्या कचेरीत खालच्याने वरच्याला, एवढीच होती.

"माळ्यावर नुसतं पडलं होतं," साहेब वर न बघता म्हणाले. "लाकूड चांगलं आहे. यातून एकच निघेल."

टेलरबाईंच्या हातातली पुडी चुरगळली. त्यांना ओरडायचं होतं. पण तेवढ्यात साहेबांनी पितळी नळी पट्टीवर ठेवली, पेन्सिलीने टोकाला टोक खूण केली, बरोबर नळीएवढी, आणि करवत उचलली. आणि टेलरबाईंना पुढचं सगळं दिसलं. ड्रिल बाहेर येणार, कड फुटणार, खड्डा पडणार, पिवळा गोंद, कचऱ्याचा डबा. त्यांच्या हाताखाली गुळगुळीत झालेलं, चाळीस वर्षं मुरलेलं लाकूड, आणि नोंद काय, तर निकृष्ट.

खोली जाईल हे त्यांना माहीत होतं. बोलायचं नाही, असं त्या स्वतःला सांगत होत्या, आणि त्याच वेळी बोलत होत्या.

"अहो, माया ठेवा जरा."

करवत थांबली. साहेबांनी प्लास्टिकचा चष्मा कपाळावर चढवला. आधी दाराकडे पाहिलं, कुणी नाही ना म्हणून. मग बायकोकडे. घसा खाकरला.

"आता हे असं अचानक," ते म्हणाले. "तशी असते गं. माणूस बोलून दाखवत नाही, एवढंच."

टेलरबाईंना क्षणभर काही कळेना. कळलं तेव्हा कान तापले, रागाने की कशाने ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"लाकडाला," त्या म्हणाल्या. "लाकडाला माया ठेवा म्हणतेय मी."

"लाकडाला माया?"

त्यांनी हे इतक्या प्रामाणिकपणे विचारलं की टेलरबाई मटकन स्टुलावर बसल्या. याला शब्दच माहीत नव्हता. छत्तीस वर्षं शिवण करणारी बाई घरात, रोज चार बायकांशी "माया किती ठेवू" हे बोलणं चालू, भिंतीपलीकडे हा वर्तमानपत्र वाचतोय, आणि याच्या कानावर तो शब्द एकदाही पडला नाही. पडला असेल, आत गेला नाही. टेलरबाईंना साहेबांचा पुष्कळदा राग आला होता, पण आता जी वाटली ती निव्वळ कीव होती, आणि ती रागापेक्षा वाईट.

त्यांनी दोरीवरचा साहेबांचा निळा सदरा ओढला. उलटा केला. बगलेपासून खालपर्यंतची शिवण त्यांच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

"शिवण."

"तिच्या बाजूला?"

साहेबांनी बोट फिरवलं. शिवणीलगत सुईच्या जुन्या भोकांच्या ओळी होत्या, एकीशेजारी एक, तीन.

"ही पंचविशीतली," टेलरबाई म्हणाल्या. "ही लेक झाली त्या वर्षीची. ही तुम्ही हेडक्लार्क झालात तेव्हाची, तेव्हा फारच सुटलात. आणि ही शिवण परवाची. आत दोन बोटं ठेवली होती मी, दर वेळी थोडी सोडली. तिला माया म्हणतात. शरीर राखलंय म्हणे."

साहेबांनी सदरा हातात घेतला. मग त्यांनी तो सुलट केला, घडी घातली, ती वाकडी झाली, परत घातली. पाहुण्यांसमोर किती वेळा पोट ताणून दाखवलं असेल त्याचा हिशोब ते करत असावेत. त्यांच्याकडे फाइल होती, पण त्यात यावर काही नोंद नव्हती.

शेवटी त्यांनी पट्टी जवळ ओढली आणि पेन्सिलीची खूण खोडली. "दोन बोटं?"

"लाकडाला दोन बोटं कशाला? लाकूड काही लठ्ठ होत नाही. दोन्हीकडे गव्हाच्या दाण्याएवढी पुरे."

आणि मग पटाशीसुद्धा त्यांनी साहेबांच्या हातातून घेतली. कात्रीला धार लावायचा दगड काढला, दोन थेंब तेल टाकलं, आणि पातं फिरवत फिरवत म्हणाल्या की बोथट हत्यार कापत नाही, चावतं. साहेबांनी मध्येच "फाइलीत लिहू का?" असं विचारलं. त्यांनी दगडावर आणखी एक थेंब तेल टाकलं.

ड्रिल बाहेर आलं, कड फुटली. साहेबांचा चेहरा पडला. टेलरबाईंनी पॉलिश पेपर पुढे केला. फुटकी कड घासता घासता गेली, आणि पितळ आणि लाकूड एका रेषेत आली. संध्याकाळचा उजेड खिडकीतून जाईपर्यंत लेथ चालला, पहिल्यांदाच सुरसुर आवाज करत, आणि लाल कात साहेबांच्या एप्रनवर पडत राहिली. दोऱ्याला लावायच्या मेणाची वडी टेलरबाईंनी चकाकीसाठी त्यांच्या पुढ्यात सरकवली. शेवटी फिरकी दाबली, टोपी दाबली, पेन फिरवलं, लिहून पाहिलं. लिहिलं.

टेलरबाई उठल्या, टेबलावरची कापडं गोळा करू लागल्या. बोळात न्यायची तर घड्या आधीच घातलेल्या बऱ्या.

रविवारी लेक आली. साहेबांनी चहासुद्धा होऊ दिला नाही, पेन तिच्या हातात ठेवलं. तिने ते फिरवलं, अंगठा फिरवला, कागदावर सही केली, परत केली.

"बाबा, हे तुम्ही केलंत?"

"मग कुणी?" साहेब म्हणाले. टेलरबाई दारात उभ्या होत्या. त्यांना हेच अपेक्षित होतं, आणि तरी ते छातीत लागलं. साहेब पुढे सांगायला लागले, कचेरीतल्या नव्या माणसाला सांगावं तसं, एक बोट वर करून. "दोन्हीकडे माया ठेवावी लागते. नाहीतर कड फुटते. लोकांना वाटतं जास्तीचं म्हणजे वाया. तसं नसतं."

चोर, टेलरबाई मनात म्हणाल्या. शब्दही उचलला. पण तो शब्द या घरात पुरुषाच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता, आणि चिंधी म्हणून नव्हे.

मग साहेबांनी फाइलीतून टिपण काढलं. घुटमळले जरासे. पण कागद तो कागद. लेकीने वाचलं आणि ती चिडली, म्हणाली, हे काय भलतंच, आईला तिथे दिसणार तरी आहे का? साहेब बल्बबद्दल काहीतरी पुटपुटले.

"सही माझी आहे," टेलरबाई म्हणाल्या. "उचला."

बाप आणि लेकीने टेबल उचललं, आडवं केलं, दारातून काढलं, बोळापाशी नेलं. एक टोक न्हाणीच्या भिंतीला लावून खाली बसवलं. दुसरं टोक स्वयंपाकघराच्या भिंतीवर टेकलं आणि तिथेच थांबलं, कमरेच्या उंचीवर. साहेबांनी दाबलं. रंगाचा पापुद्रा निघाला. जोर लावला. गिलाव्याचं ढेकूळ पडलं. त्यांनी मागे-पुढे केलं, मग बुक्कीने ठोकलं, आणि टेबल तसंच तिरकं अडकून बसलं, ना वर ना खाली.

साहेबांनी टेप काढला. बोळ मोजला. सहा फूट. टेबल मोजलं. सहा फूट. टिपण काढून चौथं कलम वाचलं. तिथेही दोन्हीकडे सहा फूटच होते. टेलरबाईंनी ते कलम आता पहिल्यांदा ऐकलं, आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

"यात टेबल कापायचं कलम आहे का?" त्यांनी विचारलं.

साहेबांनी टेप सोडून दिला. तो सर्रकन आत गेला. टेबलाच्या कडेवरून त्यांनी हात फिरवला, जिथे ती भिंतीला घासून सोलली होती तिथे थांबवला, आणि कुणाकडेही न बघता म्हणाले,

"माया ठेवायची राहिली."

"छत्तीस वर्षं," टेलरबाई म्हणाल्या.

लेकीला वाटलं दोघं टेबलाबद्दलच बोलतायत. साहेबांना तसं वाटलं नाही. त्यांनी मान वर करून टेलरबाईंकडे पाहिलं. मग त्यांनी न सांगता टेबलाचं जड टोक धरलं. दुसऱ्या टोकाला लेक होती, तिला बाजूला करून टेलरबाईंनी हात लावला. टेबल सुटायला वेळ लागला. सुटलं तेव्हा दोघांनी ते परत खिडकीखाली नेलं आणि लेथ बाजूला सारून टेबलाच्या जुन्या चार खुणांवर ठेवलं.

संध्याकाळी लेथ बोळात गेला. साहेबांनी आधी जागा मोजली, तीन फूट, आणि मग थोडं थांबून दोन्हीकडे दोन-दोन बोटं जास्त धरली. बल्ब मात्र त्यांचा त्यांनाच लावावा लागला.